फोनवर पान १३२, संगणकावर पान ४७: पुस्तकं आणि फाइली दोन्हीकडे सारख्या ठेवता कशा?

अर्धविराम (धागाकर्ती)

दिवसा संगणकावर काम, रात्री आडवं पडून फोनवर वाचन, असा माझा क्रम. पुस्तकं सहाशेच्या आसपास, निम्मी ईपब, निम्मी पीडीएफ. शिवाय एक भाषांतर चालू आहे, त्याच्या वर्डमधल्या फाइली. हे सगळं दोन्हीकडे असावं, इतकंच माझं मागणं. ते काही फार नाही असं चार महिन्यांपूर्वी वाटत होतं.

आजवरचे उद्योग सांगते. आधी स्वतःलाच मेल पाठवायचे. त्यातून 'प्रकरण ५ अंतिम', 'प्रकरण ५ अंतिम नवे' आणि 'प्रकरण ५ हेच घ्या' अशी तीन भावंडं झाली. तिसऱ्यात केलेली दुरुस्ती पहिल्यात नाही, आणि पहिल्यातला एक परिच्छेद बाकी दोघांत नाही. मग एका क्लाउड सेवेचं फोल्डर दोन्हीकडे जोडलं. बरं चाललं होतं. गेल्या रविवारी फोन जागेसाठी कुरकुरायला लागला म्हणून वाचून झालेली ऐंशी पुस्तकं त्यावरून उडवली. संगणकावर आहेतच की, या भरवशावर. सोमवारी संगणक उघडते तर तिथूनही ऐंशी गायब! क्लाउडच्या कचरापेटीत सापडली म्हणून वाचले.

तर फोनवरून काढलेलं संगणकावरून जाऊ नये, हे पहिलं. दुसरं म्हणजे शीर्षकातलं रडगाणं: ज्या अ‍ॅपमध्ये ईपब वाचते तेच अ‍ॅप संगणकावर ब्राउझरमध्ये उघडते, तर रात्री पान १३२ वर ठेवलेलं पुस्तक सकाळी पान ४७ दाखवतं. तिसरं, पीडीएफवर फोनमध्ये केलेली पिवळी अधोरेखनं संगणकावर कधी येतात, कधी नाही. आणि काही मराठी नावांच्या फाइली फोनवर उतरतच नाहीत. का, ते कळलेलं नाही.

फोन अँड्रॉइड, संगणक विंडोज. सांगा काय ते.

वाळवी

ऐंशीच्या ऐंशी? फोन फारच आज्ञाधारक निघाला हो तुमचा.

थट्टा सोडा, पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे प्रत्येकाला एकदा असंच कळतं. सिंकचं काम 'इकडे झालं ते तिकडे कर' एवढंच. पुसणं हेही त्याच्या लेखी एक 'झालेलं' काम. तुम्ही सोमवारीच बघितलंत हे नशीब. बहुतेक सेवा कचरापेटी महिनाभर ठेवतात, मग कायमची रिकामी करतात. दोन महिन्यांनी लक्षात आलं असतं तर?

खटपट्या

ताई, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या आहेत. पुस्तकाची फाइल ही एक. तुम्ही कुठवर वाचलंत ती जागा ही दुसरी. तुमच्या खुणा आणि टिपा ही तिसरी. तिघींचा मुक्काम वेगवेगळ्या ठिकाणी असतो, त्यामुळे फाइल पोचली म्हणून जागा पोचेल असं नाही.

आज फाइलीपुरतं बोलतो. पुस्तकाची फाइल एकदा आली की बदलत नाही. मग तिला दुतर्फा रस्ता हवा कशाला? संगणक मालक, फोन नुसता वाचक. भाषांतराच्या फाइली मात्र दोन्हीकडे बदलतात, त्यांना दुतर्फा लागतो. म्हणजे फोल्डर दोन हवीत. तुम्ही दोन्ही एकाच फोल्डरात ठेवलं आणि दुतर्फा ठेवलं, तिथे घोळ झाला.

मी सिंकथिंग वापरतो, दोन यंत्रांवरच्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम. मुक्त स्रोत आहे, २०१३ पासून आहे, मधे कुणाच्या सर्व्हरवर फाइल साठत नाही, ती एका यंत्रातून दुसऱ्यात जाते. संगणकावर बसवलं की ब्राउझरमध्ये ८३८४ या पोर्टवर त्याचं पान उघडतं. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, तो टंकत बसू नका, क्यूआर कोड दाखवतं तो फोनने टिपा. मग पुस्तकांच्या फोल्डरला संगणकावर 'सेंड ओन्ली' आणि फोनवर 'रिसीव्ह ओन्ली' करा. यानंतर फोनवरून ऐंशी काय, सगळी उडवलीत तरी संगणकाचं पान हलणार नाही.

एक खोच आहे. फोनवर असं काही पुसलंत की तिथे 'रिव्हर्ट लोकल चेंजेस' असं बटण दिसू लागतं. ते दाबू नका. ते म्हणजे 'मालकाकडे आहे तसं पुन्हा कर', आणि ऐंशीच्या ऐंशी पुन्हा फोनवर येऊन बसतील.

फोनवर कोणतं अ‍ॅप, तर जुनं अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ पासून बंद पडलेलं आहे. सिंकथिंग-फोर्क नावाचं घ्या. बसवल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये त्याच्यापुरती बॅटरीची काटकसर बंद करा, नाहीतर पडदा विझल्यावर थोड्या वेळात अँड्रॉइड त्याला झोपवतं आणि तुम्ही म्हणाल खटपट्याने फसवलं. आणि दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागतात. क्लाउडसारखं 'मधे ठेवून जा, दुसरा सवडीने घेईल' इथे नाही.

टिचकी

आयफोनवाल्यांनी वरचं वाचून लगेच उत्साहात येऊ नये. सिंकथिंगचं अधिकृत अ‍ॅप आयफोनला नाही. तिसऱ्याच कुणाचं मोबियस सिंक आहे, पण आयफोन कुठल्याही अ‍ॅपला मागे सतत चालू देत नाही, त्यामुळे ते अधूनमधून उघडावं लागतं. मी शरण गेले आहे, आयक्लाउड आणि बुक्स. मॅकवर पुस्तक टाकते, फोनवर उघडते, जागा बरोबर सापडते. विंडोजवर मात्र ते बुक्स अ‍ॅप नाही, तेव्हा धागाकर्तीला याचा उपयोग शून्य.

जुनाखोड

इतकं सगळं वाचून दमलो. वायर लावा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा, पुस्तकं ओढून टाका. (हे निवडत नाहीत आणि मग 'संगणकाला फोन दिसत नाही' म्हणून धागे काढतात. मुळात तो फक्त चार्जिंगवर असतो.) वर खटपट्यांनीच म्हटलंय की पुस्तक बदलत नाही. मग न बदलणाऱ्या वस्तूवर रात्रंदिवस पहारा ठेवणारं यंत्र कशाला? महिन्याला पाचसहा पुस्तकं वाचून होतात. तेवढ्यापुरती वायर पुरते.

खटपट्या

काका, पुस्तकांपुरतं मान्य. खरंच मान्य. पण त्यांच्या भाषांतराचं काय? रोज वायर?

जुनाखोड

भाषांतर फोनवर करायचंच कशाला?

अर्धविराम

काका, भाषांतर फोनवर करत नाही. वाचते आणि झोपायच्या आधी चुका दिसतात. त्या तेव्हाच सुधारल्या नाहीत तर सकाळी आठवत नाहीत.

खटपट्या, पिशवीची गोष्ट पटली. शनिवारी बसते.

वाळवी

आता त्या पान १३२ आणि ४७ बद्दल. ताई, एक करा. दोन्ही पानांवरचा पहिला परिच्छेद वाचून बघा.

कारण ईपबला पान नसतं. ती मुळात एक झिप असते, आत वेबपानांसारखी प्रकरणं. पडद्यावर मावेल तेवढा मजकूर ओतायचा आणि त्याला पान म्हणायचं, हे अ‍ॅपचं काम. फोनचा पडदा लहान, अक्षर तुम्ही मोठं केलेलं, म्हणून पानं जास्त. संगणकावर तोच मजकूर तिसऱ्या हिश्श्यात मावतो. १३२ ला ४७ ने भागलं तर पावणेतीन-तीन येतात, मला तरी हे फार संशयास्पद वाटतंय.

अर्धविराम

वाळवी, आत्ता दोन्ही समोर ठेवून बघितलं.

तोच परिच्छेद. अगदी तोच. 'ती उठली आणि खिडकी लावून घेतली' इथेच फोनचं पान सुरू होतं, संगणकावर हेच वाक्य वरून पाचव्या ओळीत आहे. म्हणजे चार महिने अ‍ॅप इमानेइतबारे माझी जागा पोचवत होतं आणि मी रोज सकाळी त्याला शिव्या देऊन फोनवरच्या १३२ व्या पानाला जुळवायला संगणकावर पुढे पुढे जात होते. त्यामुळे रात्री फोन कुठल्या कुठे उघडायचा!

शीर्षक बदलू का?

वाळवी

अजिबात बदलू नका. सोन्याचं शीर्षक आहे.

तिथे टक्के दाखवायची सोय असेल तर पानांऐवजी ती लावा. पडदा कितीही लहानमोठा असो, टक्के दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसतात.

आता जागा जुळवण्याचं माझं स्वतःचं गाऱ्हाणं. मी कोरीडर हा वाचायचा प्रोग्राम वापरतो. मुक्त स्रोत, अँड्रॉइडवर चालतो, इ-इंक वाचकयंत्रांवर चालतो, लिनक्स आणि मॅकवरही. त्यात प्रगती सिंक करायची सोय आहे. एक खातं काढायचं, दोन्ही यंत्रांवर तेच टाकायचं, झालं. पुस्तक सर्व्हरवर जात नाही, फक्त 'अमुक पुस्तक, इथवर' एवढी चिठ्ठी जाते. पण 'अमुक पुस्तक' ओळखायचं कसं? मुळात तो फाइलच्या ठिकठिकाणचे तुकडे घेऊन एक ठसा काढतो. माझ्याकडे दोन यंत्रांवर एकच पुस्तक, एकच नाव, एकच मुखपृष्ठ, आणि जागा काही केल्या जुळेना. दोन संध्याकाळी घालवल्या.

शेवटी उलगडलं. एका यंत्रावर मी मूळ फाइल टाकली होती आणि दुसऱ्यावर कॅलिबरमधून, म्हणजे संगणकावर ईपुस्तकांचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून, पाठवली होती. कॅलिबरमध्ये लेखकाचं नाव दुरुस्त केलं होतं, आणि पुस्तक बाहेर पाठवताना कॅलिबर ती दुरुस्ती फाइलच्या आत लिहून देतं. माणसाला पुस्तक तेच. ठशाला वेगळं. उपाय दोन: दोन्हीकडे एकाच जागेहून आलेली फाइल ठेवा, किंवा कोरीडरच्या सिंकमध्ये ओळख ठशावरून न ठेवता फाइलच्या नावावरून ठेवा. आणि जे ठेवाल ते दोन्ही यंत्रांवर ठेवा. मी एकावरच बदललं होतं, तिसरी संध्याकाळ त्यात गेली.

रातवा

वाचनखूण साठवली.

मधेच घुसतो, माफ करा. किंडलचं काय? मी वायरने टाकलेली पुस्तकं फोनवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये दिसतच नाहीत.

वाळवी

दिसणारही नाहीत. वायरने टाकलेलं पुस्तक त्या एका यंत्रापुरतं राहतं. जागा आणि खुणा सगळीकडे हव्या असतील तर पुस्तक 'सेंड टू किंडल'मधून जायला हवं, म्हणजे ते तुमच्या खात्यात जमा होतं. ईपब तिथे २०२२ पासून चालते, उलट जुनी मोबी फाइल आता घेत नाहीत. मेलने पाठवलीत तर ५० एमबीपर्यंत, वेबपानावरून २०० एमबीपर्यंत. अर्थात हे करताना तुमची फाइल कंपनीच्या सर्व्हरवर जाते. कादंबरीला हरकत नाही. लोकांची खाजगी कागदपत्रं मी तरी तिथे टाकणार नाही.

निळीशाई

पीडीएफच्या खुणांबद्दल कुणी बोललं नाही, आणि सगळ्यात चिघळणारं दुखणं तेच आहे. प्रबंधाच्या निमित्ताने चारेकशे पीडीएफ माझ्याकडे आहेत, त्यामुळे अनुभव भरपूर.

काही अ‍ॅप पिवळी रेघ पीडीएफच्या आत लिहितात. काही आपल्या वहीत लिहून ठेवतात आणि पीडीएफला हातच लावत नाहीत. अर्धविराम, तुमच्या खुणा 'कधी येतात, कधी नाही' त्याचं कारण बहुधा हेच असावं. फोनवर तुम्ही दोन वेगळी अ‍ॅप वापरत असाल. तपासायची युक्ती सोपी आहे. फाइलची बदलल्याची वेळ बघून ठेवा, एक रेघ ओढा, अ‍ॅप बंद करा, वेळ पुन्हा बघा. बदलली असेल तर रेघ आत गेली. नसेल तर ती अ‍ॅपच्या पोटात आहे आणि तुम्ही फाइल कितीही सिंक करा, ती प्रवास करणार नाही.

आत गेली म्हणजे सुटलो, असं पण नाही. तेव्हा पुस्तक 'न बदलणारी वस्तू' राहत नाही, वरचा सगळा युक्तिवाद तिथे लागू होत नाही. फोनला 'रिसीव्ह ओन्ली' ठेवलंत तर फोनवरच्या रेघा संगणकाकडे येणारच नाहीत. दुतर्फा ठेवलंत आणि एकाच दिवशी दोन्हीकडे रेघा ओढल्यात, मधल्या काळात सिंक झालेलं नाही, तर दोन प्रती होतात. सिंकथिंग यातली जुन्या वेळेची प्रत बाजूला काढून तिच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख आणि वेळ घालून ठेवतं. फेकत नाही हे उपकार. पण दोन पीडीएफमधल्या रेघा एकत्र करून द्यायचं काम ते करत नाही. मी एकदा चाळीस पानी लेखाच्या दोन प्रती शेजारी ठेवून हाताने रेघा उतरवल्या आहेत. त्यातली निम्मी वाक्यं दोन्हीकडे मीच अधोरेखित केलेली होती, म्हणजे किमान माझं मत बदललेलं नव्हतं.

तेव्हापासून झोटेरो, म्हणजे संदर्भ आणि पीडीएफ सांभाळणारा प्रोग्राम. खुणा पीडीएफमध्ये न जाता त्याच्या संग्रहात नोंद म्हणून राहतात, आणि नोंदी नोंदींसारख्या सिंक होतात, एकेक करून. त्यामुळे फोनवरची रेघ आणि संगणकावरची रेघ एकमेकींना खात नाहीत. हवं तेव्हा खुणांसकट पीडीएफ बाहेर काढता येते. फुकट जागा ३०० एमबी आहे, ती पीडीएफला पुरत नाही, पण फाइलींसाठी स्वतःची वेबडॅव्ह (नेटवरून फोल्डरसारखी वापरता येणारी) जागा जोडता येते. कादंबऱ्या वाचायला हे साधन नव्हे. संदर्भासाठीच.

अर्धविराम

निळीशाई, वेळ बघायची युक्ती करून पाहिली. दोन अ‍ॅप आहेत हे बरोबर ओळखलंत. एकात वेळ बदलली, दुसऱ्यात ढिम्म. दुसरं काढून टाकलं. आधी त्यातल्या खुणा बाहेर काढल्या, घाबरू नका.

आणखी एक आठवलं. क्लाउडच्या अ‍ॅपमध्ये फाइल 'ऑफलाइन ठेवा' केली तरी वाचायच्या अ‍ॅपला ती फोनवर सापडत नाही. फाइल आहे की नाही मग?

खटपट्या

आहे, पण क्लाउडच्या अ‍ॅपच्या खाजगी कप्प्यात. अँड्रॉइड ११ पासून एका अ‍ॅपच्या कप्प्यात दुसऱ्याला डोकावता येत नाही. क्लाउडच्या अ‍ॅपमधूनच 'यात उघडा' करून वाचता येतं, पण मग वाचायचं अ‍ॅप अनेकदा स्वतःची वेगळी प्रत करून घेतं, आणि झालं चौथं भावंड तयार. सिंकथिंग फाइल उघड्या फोल्डरात ठेवतं. म्हणूनच ते बसवताना सगळ्या फाइली बघण्याची परवानगी मागतं. एरवी अशी परवानगी कुणी मागितली तर मी कपाळाला आठ्या घालतो, इथे तिच्याशिवाय काम होणार नाही.

टंकू

मराठी नावांच्या फाइली फोनवर न उतरण्याबद्दल. हा प्रश्न वाचून मला भरून आलं, कारण माझ्याखेरीज हा कुणाला पडतच नाही असं वाटू लागलं होतं.

फोनवरच्या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे हं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. २५५ भागिले ३, तर ८५ चिन्हं. पुस्तकाचं नाव, उपशीर्षक, लेखक, संपादक, आवृत्ती असं सगळं नावात कोंबलं की ८५ कधीच ओलांडतात. विंडोज मात्र बाइट मोजत नाही, चिन्हं मोजतं, आणि तिथे २५५ चिन्हं चालतात. म्हणून संगणकावर फाइल सुखाने नांदते आणि फोनच्या दारातून परत जाते. सिंकथिंगमध्ये अडकलेल्या फाइलींची यादी उघडलीत तर नाव फार लांब असल्याची तक्रार दिसेल. नाव कापा, लगेच उतरेल.

दुसरं याहून छुपं. 'दुसऱ्या' हा शब्द तीन तऱ्हांनी टंकता येतो. ऱ हे एकच चिन्ह घेऊन. किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं घेऊन. किंवा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच. यंत्राला तीन वेगळी नावं. पहिल्यात सात चिन्हं, बाकी दोन्हींत आठ. त्यामुळे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात, आणि फोनवर शोधलं तर त्यातली एकच सापडते. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) नियमाने एकच मानल्या जातात, सिंकथिंग त्या जुळवून घेतं. तिसरी कुणीच जुळवत नाही. मी सरळ फाइलींच्या नावांत ऱ येईल असे शब्द टाळतो. भाषेवर प्रेम असूनही.

अवांतर: जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत बनलेल्या मराठी पीडीएफ कितीही सिंक करा, त्यांत शोध चालणार नाही आणि ईपब करायला गेलात तर अगम्य रोमन कचरा हाती येईल. ते अक्षर दिसायला मराठी, आत भलतंच. अशांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं, हाच मार्ग. ते करणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामला मराठी येतं.

वाळवी

टंकू, दंडवत.

नावांवरून आठवलं. कॅलिबरचं अख्खं ग्रंथालय-फोल्डर कुणी फोनशी जोडू नये. एकतर कॅलिबर आतल्या फोल्डरांची नावं रोमनमध्ये करून ठेवतं, मराठी लेखक ओळखू येत नाहीत. आणि त्याची सगळी भिस्त एका डेटाबेस फाइलवर असते. ती दोन संगणकांवर एकदम उघडी राहून सिंक झाली की ग्रंथालय बिघडतं. त्याऐवजी हवी ती पुस्तकं निवडून 'सेव्ह टू डिस्क'ने एका साध्या फोल्डरात काढा आणि ते फोल्डर फोनला द्या. त्यात इतर भाषांतली अक्षरं इंग्रजीत बदलण्याचा एक पर्याय आहे, तो बंद आहे ना ते बघून घ्या. तिथेच नावाचा साचाही ठरवता येतो. फक्त शीर्षक आणि लेखक ठेवलंत की टंकूंचे ८५ सहसा पुरतात.

फाइल फोनवर न्यायचीच नसेल तर कॅलिबरचा कंटेंट सर्व्हर चालू करा. फोनच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा वायफायवरचा पत्ता, पुढे कोलन आणि ८०८०. सगळं ग्रंथालय समोर. सर्व्हरवर स्वतःच्या नावाचं खातं काढून वाचलंत तर जागाही लक्षात ठेवतो. पान उघडलं नाही तर दहापैकी नऊ वेळा विंडोजची फायरवॉल आडवी आलेली असते, नाहीतर फोन राउटरच्या पाहुण्यांच्या वायफायवर असतो.

निळीशाई

वर्डच्या फाइलींबद्दल मी खटपट्यांशी सहमत नाही. दोन ठिकाणी बदलणारी फाइल सिंक करण्यापेक्षा ती एकाच ठिकाणी असू द्या ना. ऑनलाइन दस्तऐवज, दोन्हीकडून तोच उघडायचा. तिथे दुसरी प्रतच नाही, मग भांडण कुणाचं? मागचे बदल तारीखवार दिसतात हा वरचा फायदा.

खटपट्या

नेट नसेल तेव्हा?

निळीशाई

ऑफलाइन ठेवता येतो, नेट आलं की बदल चढतात. आणि खरं सांगू का, भाषांतरात झोपायच्या आधी सुधारलेल्या चार चुकांसाठी हे पुरेसं आहे. तुमचं सिंकथिंग उत्तम आहे, पण ते उत्तम चालू राहण्यासाठी एक खटपट्या घरात लागतो.

खटपट्या

हा घाव वर्मी लागला. मान्य.

फाइलीच ठेवायच्या असतील तर दोन गोष्टी. वर्ड फाइल उघडी असताना शेजारी ~$ ने सुरू होणारी एक छोटी फाइल करतं, लिबरऑफिसही कुलपाची एक फाइल करतं. या सिंक होऊ देऊ नका, सिंकथिंगच्या 'इग्नोर पॅटर्न्स'मध्ये (न पाठवायच्या फाइलींच्या यादीत) घाला. नाहीतर संगणकावर फाइल उघडी नसताना फोन म्हणतो ती कुणीतरी उघडली आहे. आणि संगणकावर त्या फोल्डरला 'फाइल व्हर्जनिंग' लावा. जुनी प्रत जपली जाते, पण फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलाच्या वेळी. संगणकावर बसून तुम्ही स्वतःच जे पुसाल, ते या सोयीत सापडणार नाही. हे लोक वाचत नाहीत आणि मग रडतात. मीही रडलोय.

अर्धविराम (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, पण सगळं लावून, वापरून मग लिहावं म्हटलं.

पुस्तकं सिंकथिंगने, संगणक मालक, फोन वाचक. अख्खी सहाशे पाठवली नाहीत. काकांचं म्हणणं डोक्यात राहिलं होतं. 'फोनसाठी' नावाचं एक फोल्डर केलं, त्यात एका वेळी तीसेक. वाचून झालं की संगणकावरच्या त्या फोल्डरातून काढते, फोनवरून आपोआप जातं, मूळ प्रत कॅलिबरमध्ये असतेच. 'रिव्हर्ट'चं बटण दाबायचा प्रसंगच आला नाही. सगळ्या ग्रंथालयाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती महिन्यातून एकदाच जोडते.

भाषांतर ऑनलाइन दस्तऐवजात. निळीशाईचं ऐकलं. तिन्ही भावंडं एकत्र करायला एक अख्खा रविवार गेला. पहिल्यातला तो एकटा परिच्छेद सापडला, आणि वाचल्यावर कळलं की मी तो मुद्दामच काढला होता.

ईपबच्या अ‍ॅपमध्ये टक्के लावले. ३८ ला ठेवलं की ३८ ला उघडतं. त्याची मनोमन माफी मागितली.

न उतरणाऱ्या मराठी फाइली सहा होत्या. पाचांची नावं कापल्यावर उतरल्या. सहावीचं नाव मोजलं, टंकूंच्या हिशेबाने फक्त ६१ चिन्हं आहेत, तरी अडून बसली आहे. त्यात ऱ पण नाही.

टंकू

सहावीच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन आहे का?

अर्धविराम

विंडोज ती चिन्हं नावात घेतच नाही ना? नाही, तसं काही नाही. थांबा, बाइट नाही तर... फाइल ~$ ने सुरू होते. ही वर्डची ती छोटी फाइल आहे, मी कधीतरी चुकून पुस्तकांत टाकलेली. इग्नोर केल्यामुळे जात नाहीये.

टंकू

मग अडली नाही ती. तुम्हीच अडवली आहे.